समोरून दिसलेली मूठ

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की जिच्या काठी ती घडली त्या नदीने तेव्हापासून दोनदा आपले पात्र बदलले आहे, आणि तेव्हा राज्य कोणाचे होते हेही आता कोणाला सांगता येत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठे जवळ बसले असतील तर त्यांनीही ऐकावी.

नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एक बंदर होते, आणि बंदरावर एक चितारीण राहत असे. ज्या दिवशी बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. सकाळी तिने जवसाच्या तेलाची परात अंगणात उन्हात ठेवली. रंगात कालवायचे तेल उन्हात ठेवले म्हणजे निवळते. वर धूळ पडू नये म्हणून तिने परातीला मलमल बांधली, शेजारणीची कोंबडी हाकलली आणि खलात तांबड्या रंगासाठी हिंगूळ वाटायला बसली.

दुपारी फाटकाशी नावाडीकाका येऊन उभे राहिले. काका नदीच्या वरच्या अंगाचे, तिच्या माहेरगावचे. होडीतून तांदूळ घेऊन यायचे, मीठ घेऊन जायचे. आले की आधी नदीला शिव्या द्यायच्या आणि मग पाणी मागायचे, ही त्यांची पद्धत. त्या दिवशी त्यांनी आधी पाणी मागितले, आणि नदीला शिव्या दिल्याच नाहीत.

"पोरी, दादा गेला," ते म्हणाले.

"कधी?"

"मृग लागायच्या आधी. ताप आला तो उतरलाच नाही. मग नदी भरली, खाली यायची सोय नव्हती. पाणी उतरलं तसा निघालो. तेरावंसुद्धा होऊन गेलं गं."

तिने ऐकून घेतले. काकांचा तांब्या पुन्हा भरून दिला. मग उठून परातीतले तेल कापडातून गाळले आणि बरणीत भरले, कारण सांजेला दव पडले असते तर ते वाया गेले असते. बरणीला बूच लावल्यावर ती ओट्यावर बसली.

काकांनी कमरेच्या पंच्यातून एक लहानशी गुंडाळी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. आत एक कुंचला होता. खारीच्या शेपटीच्या केसांचा, काडीसारखा बारीक, दांड्याचे टोक हाताळून हाताळून काळे पडलेले. तो तिने लगेच ओळखला. चितारी घराण्याचा तो वडिलोपार्जित कुंचला होता. देवादिकांचे किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचे चित्र पुरे झाले, की सर्वांत शेवटी त्याने डोळ्यांतली बुबुळे काढायची. एरवी त्याला रंग लावायचा नाही. वडील गेल्यावर तो दादाकडे आला होता.

"दादा नेहमी म्हणायचा," काका म्हणाले, "हा धाकटीचा. मी आपला सांभाळतोय."

"माझा?" धाकटी म्हणाली. "काका, मला तर त्याने मूठ दाखवून पाठवलं होतं."

"ते मीही पाहिलं की. होडीत मीच तर होतो." काकांनी तांब्या बाजूला ठेवला. "तुझ्या आत्यांचा निरोप आहे. वर्षश्राद्धाच्या आधी चित्र हवं. जवळच्या रक्ताचं आता दुसरं कोण उरलंय? त्यांचे स्वतःचे हात कापतात."

त्या घराण्याची एक रीत होती. घरातला चितारी गेला, की जवळच्या रक्ताच्या माणसाने त्याचे चित्र काढायचे, वर्षश्राद्धाला ते पडवीत लावायचे आणि सगळ्यांसमक्ष बुबुळे काढून त्याचे डोळे उघडायचे. आणि ज्याने काढायचे, त्याने त्याला जसा शेवटचा पाहिला असेल तसाच काढायचा. त्यात फेरफार चालत नसे. म्हणून त्या पडवीत एक आजोबा जांभई देत पडलेले होते, आणि एक पणजोबा तोंडात घास घेऊन बसलेले होते. पिढ्या गेल्या, पण पणजोबांचा घास गिळवायची कोणाची छाती झाली नव्हती.

धाकटीने दादाला शेवटचा पाहिला होता तो घाटावर, मूठ उगारून उभा असलेला. आता तो तसाच भिंतीवर जाणार होता. येणारा जाणारा म्हणणार होता, हा पाहा, बहिणीला मूठ दाखवून घालवणारा भाऊ.

त्यांचे भांडण चित्रावरूनच झाले होते.

त्या घराण्यात माणूस मापाने काढत. चेहऱ्याची लांबी धरायची, आणि हात किती चेहऱ्यांचा, मांडी किती चेहऱ्यांची, हे ठरलेले असे. सूत लावून मोजायचे आणि मग रेघ मारायची. कोणाचेही अंग मापापेक्षा आखूड काढायचे नाही. आखूड काढले, तर ज्याचे चित्र त्याचे ते अंग झडते, असे ते मानत.

एकदा एका व्यापाऱ्याने बंदरावरून तेलरंगातले एक चित्र गावात आणले. चित्रात एक माणूस पाहणाऱ्याकडे पाय करून झोपलेला होता. गाव हसून हसून लोळले. दादाही हसला.

"पावलं घमेल्याएवढी आणि डोकं लिंबाएवढं," तो म्हणाला. "ह्याला चित्र म्हणतात?"

धाकटी मात्र हसली नाही. तिला तो माणूस खोलीत झोपल्यासारखा वाटला होता. आता उठेल आणि कूस बदलेल, असा.

"दादा, असाच दिसतो माणूस. तू पायथ्याशी उभा राहून बघ."

"दिसत असेल. पण आपण माणूस जसा आहे तसा काढतो. जसा दिसतो तसा नाही."

"मला दिसतो तसा काढायला शिकायचंय."

बोलण्यावरून बोलणे वाढले. कधी नव्हे तो दादाचा आवाज चढला. "तर मग जा. माणसं लुळी करायला शीक. पण माझं चित्र काढशील तेव्हा मला दोन्ही हात पुरते पाहिजेत, एवढं ध्यानात ठेव."

ती त्याच दिवशी निघाली. सोबतीला कोणी आले नाही. होडी घाटापासून सुटली, तेवढ्यात दादा पायऱ्या उतरत धावत आला आणि शेवटच्या पायरीवर थांबला. त्याने मूठ पुढे धरली. तोंडाने काही बोलला नाही, धापा टाकत होता.

"होडी वळवू का गं?" काकांनी विचारले.

धाकटीने मुठीकडे पाहिले. मूठ त्याच्या छातीपुढे होती, आणि रागाने फुगावी तशी चांगली तोंडाएवढी दिसत होती.

"नको," ती म्हणाली. "चला."

होडी प्रवाहात तिरपी होऊन खाली निघाली, आणि नदीच्या वळणापर्यंत ती मूठ तिला तशीच दिसत राहिली.

बंदरावर एक म्हातारा चित्रकार राहत असे. तो कोण्या जहाजावरून आला होता, आणि जहाज लागून ओकाऱ्या होतात म्हणून परत गेलाच नव्हता. सारखे अंगाला जवसाचे तेल लागलेले असे, म्हणून लोक त्याला तेलबाबा म्हणत. धाकटी त्याच्याकडे शिकू लागली. रस्ता दूर जाताना निमुळता कसा होतो, माडांची रांग किनाऱ्याच्या टोकाशी गवताएवढी कशी होते, हे ती पटकन शिकली. अडली ती दुसरीकडेच.

तेलबाबाने एक काठी तिच्या नाकासमोर धरली होती. "काय दिसतं?"

"काठी."

"चूक. नीट बघ."

"काठीच आहे, बाबा. चांगली दोन हात लांब."

"ती लांब आहे हे तुला माहीत आहे. दिसत नाहीये. तुला दिसतंय बोराएवढं वर्तुळ. ते काढ."

काठी आखूड काढायला ती शिकली. माणूस आखूड काढायची वेळ आली, की मात्र तिच्या मनातले सूत आपोआप पुढे येई आणि मापे घेई. तिच्या चित्रातले पुढे केलेले हात ना आखूड होत, ना लांब. तेलबाबा येऊन पाही आणि म्हणे, "चितारीणबाई, हा हात पुढे करत नाहीये. ह्याच्या हाताला सूज आलीये. वैद्याकडे पाठवा." अशी काही वर्षे गेली. ती समोरून उभी माणसे, घरे आणि जहाजे काढून पोट भरू लागली. कोणी हात पुढे करून उभे राहिले, तर ती त्याला तो खाली घ्यायला सांगे.

आता दादाला मूठ खाली घ्यायला सांगता येणार नव्हते.

काका बंदरावर मिठाची वाट पाहत होते. ते परत निघायच्या आत चित्र पुरे व्हायला हवे होते. धाकटीने चौकटीवर कापड ताणले, खळ देऊन वाळवले आणि कोळशाने आखायला घेतले. घाटाच्या पायऱ्या, मागचा पिंपळ, दादाचा चेहरा, सगळे हाताखाली सरळ उतरत गेले. तिने त्याच्या छातीपुढे मूठ काढली. पाहिली आणि पुसली. पुन्हा काढली. मूठ बरोबर आली, की दादा चुके, आणि दादा बरोबर आला, की मूठ दुसऱ्याच कोणाची वाटे.

तेलबाबा आला. त्याने बराच वेळ चित्र पाहिले आणि थट्टा केली नाही.

"ह्याने मूठ छातीजवळ धरलीये म्हणतेस?"

"हो."

"मग ह्याचं कोपर कुठे आहे?"

"कोपर?" धाकटीने आठवून पाहिले. "कोपर दिसलं नव्हतं, बाबा."

"आठवत नाही की दिसलं नव्हतं?"

"दिसलं नव्हतं. बाहीची कडा दिसली होती, मुठीच्या भोवती. कोपर नव्हतं."

"मग मलाही ठाऊक नाही," तेलबाबा म्हणाला. "दिसलं ते काढ." आणि तो जेवायला निघून गेला, कारण घरी मासळी शिजली होती आणि ती निवलेली त्याला आवडत नसे.

धाकटीने काकांना हाक मारली.

"काका, दारात उभे राहा. मूठ वळून छातीपुढे धरा. रागावल्यासारखी."

"कोणावर रागावू?"

"नदीवर."

"ते सोपं आहे." काका उभे राहिले. मूठ छातीपुढे येताच त्यांचे कोपर घागरीच्या कानासारखे बाजूला बाहेर आले. ते लपवू म्हटले तरी लपेना.

धाकटीने मान हलवली. "आता हात सरळ माझ्याकडे करा. पुरता लांब करा, काका."

"असा? पोरी, शेजारीण बघतेय. म्हणेल म्हातारा मारायला उठला."

पण धाकटीला ते ऐकू आले नाही. काकांचे कोपर गेले होते. दंड गेला होता. हात म्हणून जे काही होते ते सगळे मुठीमागे जाऊन बसले होते, आणि मूठ मोठी झाली होती, चांगली तोंडाएवढी. भोवती बाहीची कडा तेवढी दिसत होती.

ती बाजूला सरकली. बाजूने काकांचा हात लांबच्या लांब होता, खांद्यापासून ताणलेला.

"काका, हलू नका. मी इकडून तिकडे चालते. तुम्ही हात माझ्याकडेच फिरवत राहा."

ती चालू लागली आणि काका हात फिरवत राहिले. तो एकदाही लांब दिसला नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आले, की होडी तिरपी होऊन खाली जात होती, तरी मूठ वळणापर्यंत तशीच का दिसत राहिली. दादा एका जागी उभा राहून हात फिरवत होता. त्याने तो क्षणभरही दुसरीकडे नेला नव्हता, म्हणूनच तिला त्याची लांबी दिसली नव्हती.

"पण मूठ का?" काका म्हणाले. त्यांनाही आता कळू लागले होते. "हात द्यायचा तर पंजा उघडा नको?"

धाकटीने गुंडाळीतला कुंचला उचलला आणि काकांच्या मुठीत दिला, दांडा आपल्याकडे करून. मग ती परत जागेवर जाऊन उभी राहिली. कुंचला दिसत नव्हता. अंगठ्याशी फक्त एक काळा ठिपका होता.

तो ठिपका तिने घाटावरही पाहिला होता. काजळीचा डाग असेल असे तिला वाटले होते.

काकांनी हात खाली घेतला आणि ते ओट्यावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी नदीला एक शिवी दिली, हळू आवाजात.

त्यानंतर चित्राला फार वेळ लागला नाही. तिने सूत घेतले नाही. दिसले होते ते काढले: मोठी मूठ, भोवती बाहीची कडा, अंगठ्याशी काळा ठिपका, आणि मागे धापा टाकणाऱ्या माणसाचा चेहरा. चेहऱ्यावर राग नव्हता. तो तेव्हाही नसावा. डोळे तिने कोरे ठेवले. रंग सुकायला पुरेसे दिवस गेल्यावर चित्र होडीत चढले, आणि पाठोपाठ धाकटी.

वर्षश्राद्धाला भाऊबंद जमले. चित्रावरचे कापड काढताच कुजबुज सुरू झाली. त्यातले एक लांबचे चुलते सूत घेऊनच आले होते. त्यांनी ते चित्रातल्या हाताला लावले.

"हात वीतभरसुद्धा नाही! तोडला की गं पोराचा हात. त्याने तुला सांगितलं होतं ना, दोन्ही हात पुरते पाहिजेत म्हणून?"

"हात पुरता आहे," धाकटी चुलत्यांना म्हणाली. "कापडावर मावत नाही, म्हणून तुमच्याकडे आलाय."

"मूठ दाखवतोय नुसता."

"इकडून बघा," कोणी तरी म्हणाले. चुलते पडवीच्या डाव्या टोकाला गेले. हात त्यांच्याकडेच होता. ते उजव्या टोकाला गेले. हात तिथेही त्यांच्याकडेच होता. त्यांनी मधे उभे राहून पाहिले, जरा वाकून पाहिले, मग सूत गुंडाळून खिशात ठेवले.

आत्याला काठी टेकत चित्रासमोर आणले. तिची नजर अधू झाली होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"काय रे, केव्हाचा हात करून उभा आहेस," ती चित्राला म्हणाली. "दे की मग काय द्यायचंय ते." आणि तिने आपला कापणारा हात पुढे केला.

धाकटीने कुंचला काजळात बुडवला आणि दादाचे डोळे उघडले.

पुढे त्या घराण्यात सूत राहिले आणि तेलबाबाची काठीही आली. मुलांना आधी मापाने काढायला शिकवत, मग दिसते तसे. कोणी विचारले की यातले खरे कोणते, तर धाकटी म्हणे, "हात असतो लांब आणि दिसतो आखूड. दोन्ही ठाऊक नसेल तर चित्र चुकतं." धाकटी त्या घरात म्हातारी झाली, आणि तो कुंचला तिने शेवटपर्यंत सांभाळला.

गोष्टीचा बोध एवढाच: आपल्याकडे सरळ पुढे केलेला हात आपल्याला आखूडच दिसतो, म्हणून त्याचे माप काढण्याआधी आपला हात पुढे करावा.

धाकटीला हे कळले, तिने ते रंगवले आणि इतरांना शिकवले. 'काका, होडी वळवा' एवढे म्हणायचे मात्र राहून गेले.